अमेरिकेत डेंटल हायजिनिस्टचा परवाना काढताना या चुका टाळा

अमेरिकेत डेंटल हायजिनिस्टला, म्हणजे दातांची सफाई आणि प्रतिबंधात्मक काळजी घेणाऱ्या व्यावसायिकाला, परवाना देण्याचा अधिकार संघराज्य सरकारकडे नसून प्रत्येक राज्याकडे आहे. कनेक्टिकटने 1915 साली कायद्यात दुरुस्ती करून या व्यवसायाला प्रथम मान्यता दिली आणि 1917 साली आयरीन न्यूमन यांना पहिला परवाना मिळाला. पुढे इतर राज्यांनी आपापल्या सोयीने कायदे केले, त्यामुळे पात्रता, परीक्षा, शुल्क, नूतनीकरण आणि कोणते काम कोणाच्या देखरेखीखाली करायचे, हे सारे राज्यागणिक बदलते. अडकलेल्या अर्जांपैकी बरेचसे केवळ एवढ्यामुळे अडकतात, की अर्जदाराने एका राज्याचे उत्तर दुसऱ्या राज्याला लागू पडेल असे गृहीत धरलेले असते.

पदवी मोठी, म्हणून परवाना सोपा

भारतातून बीडीएस होऊन गेलेल्यांची ही सर्वांत महागात पडणारी समजूत आहे. आपण दंतवैद्य आहोत, हायजिनिस्टचे काम तर त्याहून मर्यादित, तेव्हा पदवी दाखवली की परवाना मिळेल, असा हा हिशेब असतो. परंतु बहुतेक राज्ये पदवी मोठी की लहान हे पाहत नाहीत; ती ‘कोडा’ या संस्थेने, म्हणजे कमिशन ऑन डेंटल ॲक्रेडिटेशनने, मान्यता दिलेला डेंटल हायजीनचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे का, एवढेच विचारतात. फ्लोरिडा हा ठळक अपवाद आहे. परदेशी दंतवैद्यकीय पदवीधराला तेथे हायजिनिस्टच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, मात्र पदवीचे मूल्यांकन आणि परीक्षा त्यालाही चुकत नाहीत. फ्लोरिडात राहणाऱ्या मैत्रिणीला जमले म्हणून टेक्सासात किंवा न्यू जर्सीत तोच मार्ग धरण्याआधी त्या राज्याच्या दंत मंडळाची, म्हणजे परवाना देणाऱ्या संस्थेची, पात्रतेची अट मुळातून वाचावी. शिवाय परवाना म्हणजे नोकरी करण्याची मुभा नव्हे. ती व्हिसावर अवलंबून असते आणि दंत मंडळाचा तिच्याशी काही संबंध नसतो.

एक परीक्षा झाली की झाले

एनबीडीएचई ही राष्ट्रीय लेखी परीक्षा आहे आणि तिच्यात उत्तीर्ण होण्यासाठी 75 हा श्रेणीबद्ध गुणांक (स्केल्ड स्कोअर) लागतो. हा गुणांक म्हणजे शंभरपैकी पंचाहत्तर प्रश्न बरोबर असे नाही, तरी अनेकजण तसे धरून चालतात. ‘राष्ट्रीय’ या शब्दामुळे ही परीक्षा झाली की परवाना हातात, असाही गैरसमज होतो. प्रत्यक्षात तिच्यानंतर सामान्यतः क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष कौशल्याची, परीक्षा असते आणि अनेक राज्यांत स्थानिक कायद्याची वेगळी परीक्षाही असते. क्लिनिकल परीक्षांमध्ये एडेक्स आणि सीआरडीटीएस ही नावे वारंवार दिसतात, पण कोणते राज्य कोणती परीक्षा मानते, रुग्णाऐवजी दातांच्या कृत्रिम नमुन्यावर (मॅनिकिनवर) दिलेली परीक्षा स्वीकारते की नाही आणि किती वर्षांपूर्वीचे गुण ग्राह्य धरते, हे त्या राज्याच्या नियमांतच सापडते. परीक्षेचे शुल्क भरण्यापूर्वी हे वाचले तर पाच मिनिटे जातात, नंतर वाचले तर एखादे वर्ष जाऊ शकते.

अलाबामात दंतवैद्याच्या दवाखान्यात काम करता करता प्रशिक्षण घेऊन हायजिनिस्ट होण्याचा मार्ग आहे. तो तेथे पूर्णपणे कायदेशीर असला, तरी मान्यताप्राप्त महाविद्यालयाची पदवी मागणाऱ्या राज्यांत त्या परवान्याचा सहसा उपयोग होत नाही. पुढे राज्य बदलण्याची शक्यता असेल, तर या मार्गाने जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

नाव जुळत नाही

मराठी अर्जदारांना या एका गोष्टीचा जितका त्रास होतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाचा होत असेल. महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेवर माहेरचे आडनाव आणि मध्ये वडिलांचे नाव असते. लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव पतीचे होते आणि काही घरांत पहिले नावही बदललेले असते. पासपोर्टवर तर मधले नाव बऱ्याचदा पहिल्या नावालाच जोडलेले दिसते, आणि अमेरिकेतील फॉर्म भरताना तो सगळा ऐवज ‘फर्स्ट नेम’च्या चौकटीत जातो किंवा निम्मा गळून पडतो. परीक्षेची नोंदणी एका नावाने, ओळखपत्र दुसऱ्या नावाने आणि गुणपत्रिका तिसऱ्याच नावाने, अशी अवस्था झाली की परीक्षा केंद्राच्या दारातून परत यावे लागते किंवा मंडळाकडे आलेली कागदपत्रे आपल्या फाइलीला लागतच नाहीत.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा आहे. ज्या ओळखपत्राने परीक्षेला बसणार त्यावरील नाव अक्षरन्‌अक्षर प्रमाण मानावे, सर्व नोंदण्या त्याच नावाने कराव्यात आणि विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र प्रत्येक अर्जाला न मागता जोडावे. अर्जात सहसा ‘यापूर्वीची नावे’ अशी चौकट असते. ती रिकामी सोडू नये.

कागद खरा, पण वाट चुकली

गुणपत्रिका, परीक्षेचे गुण आणि दुसऱ्या राज्यातील परवान्याचा दाखला हे मंडळाला मूळ संस्थेकडून थेट हवे असतात. आपण स्वतः पाठवलेली प्रत कितीही स्वच्छ असली, तरी ती सहसा धरली जात नाही. माझ्या परिचयातील एका हायजिनिस्ट ताईंनी आरोग्य व्यावसायिकांवरील कारवायांची नोंद ठेवणाऱ्या नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेकडून स्वतःविषयीचा अहवाल मागवला होता. पाकीट आले, त्यांनी ते उघडून पाहिले, आत आक्षेपार्ह काही नाही म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकला आणि स्कॅन करून मंडळाकडे पाठवले. त्या राज्याची अट न फोडलेल्या पाकिटाची होती, त्यामुळे पुन्हा शुल्क, पुन्हा अर्ज आणि पुन्हा वाट पाहणे त्यांच्या नशिबी आले.

बोटांच्या ठशांचीही अशीच गत होते. दिवसभर हात धुणाऱ्या आणि हातमोजे घालणाऱ्या लोकांच्या बोटांवरील रेषा पुसट होतात, आणि ठसे ‘वाचता येत नाहीत’ म्हणून परत येतात. ठसे देण्याआधी काही दिवस हातांना नियमित मलम लावावे आणि ऐन वेळी बोटे कोरडी ठेवावीत. जुना गुन्हा किंवा शिस्तभंगाची कारवाई असेल, तर ती लपवू नये. मूळ प्रकरणापेक्षा ते दडवल्याचाच मंडळाकडे अधिक गंभीरपणे विचार होतो.

अर्ज कोणाकडे करायचा, हेही तपासून घ्यावे. कॅलिफोर्नियात हायजिनिस्टांचे स्वतंत्र मंडळ आहे, तर न्यूयॉर्कमध्ये हा कारभार राज्याच्या शिक्षण विभागाकडे आहे.

राज्य बदलताना

पूर्वीच्या परवान्याच्या आधारे नवा परवाना मागताना अनेक राज्ये प्रत्यक्ष कामाचे तास विचारतात. कॅलिफोर्निया या मार्गाने येणाऱ्यांकडून लगतच्या पाच वर्षांत दरवर्षी किमान 750 तासांचे क्लिनिकल काम मागते. त्याचा दाखला दवाखान्याकडून घ्यायचा असतो, आणि दवाखाना विकला गेला किंवा डॉक्टर निवृत्त झाले की तो मिळवणे अवघड होते. म्हणून नोकरी सोडतानाच तासांचे पत्र घेऊन ठेवावे. बंद पडलेल्या परवान्यांसह आजवर घेतलेल्या प्रत्येक परवान्याचा दाखला द्यावा लागतो, हेही लक्षात असू द्यावे.

एका सदस्य राज्याच्या परवान्यावर दुसऱ्या सदस्य राज्यात काम करू देणारा, दंतवैद्य आणि हायजिनिस्ट यांच्यासाठीचा आंतरराज्य करार 2024 साली सातव्या राज्याच्या संमतीनंतर अस्तित्वात आला. आपल्या राज्याने तो मंजूर केल्याची बातमी वाचून सामान बांधू नये. तो सदस्य राज्यांपुरताच आहे, त्यासाठी सदस्य राज्याचा वैध परवाना आधी हाती असावा लागतो, आणि करार मंजूर होणे व त्याखाली काम करण्याचा अधिकार प्रत्यक्ष मिळणे यांत बरेच अंतर असते.

डॉक्टरांनी सांगितले म्हणून केले

स्थानिक भूल देण्याची परवानगी वॉशिंग्टन राज्याने हायजिनिस्टांना 1971 सालीच दिली. टेक्सासने तसा कायदा 2023 साली केला. एका राज्यात वर्षानुवर्षे सुई हाताळलेल्या व्यक्तीला दुसऱ्या राज्यात ती हातात घेण्यासाठी वेगळे प्रमाणपत्र लागू शकते. देखरेखीचेही तसेच आहे. कोलोरॅडोत हायजिनिस्ट स्वतंत्र व्यवसाय करू शकतो, तर अन्यत्र विशिष्ट कामाच्या वेळी दंतवैद्याने इमारतीत हजर असणे बंधनकारक असते. नव्या दवाखान्यात ‘इथे सगळे असेच करतात’ हे वाक्य ऐकू आले, तर त्या रात्री राज्याची नियमावली उघडावी, कारण चौकशीत डॉक्टरांचा आदेश हा बचाव सहसा पुरत नाही आणि पणाला लागतो तो आपला परवाना.

नूतनीकरण

फ्लोरिडातील परवान्याची मुदत सम वर्षांच्या फेब्रुवारीअखेर संपते आणि दोन वर्षांत 24 तासांचे निरंतर व्यावसायिक शिक्षण लागते. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत 25 तास लागतात. न्यूयॉर्कमध्ये परवाना कायम असला तरी नोंदणी दर तीन वर्षांनी करावी लागते. केवळ ऑनलाइन केलेला सीपीआरचा (हृदय बंद पडल्यास करायच्या तातडीच्या उपचाराचा) अभ्यासक्रम अनेक ठिकाणी चालत नाही, प्रात्यक्षिक लागते. पत्ता बदलल्यावर मंडळाला न कळवल्यामुळे सूचनापत्र जुन्या घरी जाते, आणि मुदत संपल्याचे कळते ते दवाखान्याच्या व्यवस्थापकाने संकेतस्थळावर सहज पाहिल्यावर. असे झालेच, तर त्याच दिवशी रुग्णांवरील काम थांबवावे, दंतवैद्याला लेखी कळवावे आणि मुदत संपल्यानंतर काम केलेल्या तारखांची खरी यादी हाताशी ठेवून मग मंडळाला फोन करावा. तारखा मागेपुढे करून फॉर्म भरू नये.