कढीपत्त्याच्या कुंडीपासून सुरुवात करा

नागपुरात मुलांना निसर्ग दाखवायचा म्हटलं की पालक आधी पेंचची सफारी काढतात, नाहीतर गोरेवाड्याची. जायला हरकत नाही. पण वाघ दिसला नाही की पोट्टे रुसतात, आणि दिसला तरी घरी येऊन सांगतात ते जिप्सीचंच कौतुक. शाळेत विज्ञान शिकवते म्हणून माझं मत विचाराल, तर सुरुवात कढीपत्त्याच्या कुंडीपासून करावी. लिंबू किंवा संत्र्याचं रोपही चालतं. आपल्याकडे त्याला काय तोटा!

वेळ जुलै-ऑगस्टची. पावसाने कोवळी पालवी फुटली की तिच्यावर फुलपाखराचं मोहरीहून बारीक, पिवळसर, गोल अंडं शोधायला लावा. हात कितीही शिवशिवले तरी तुम्ही शोधून देऊ नका. अंडं नाही सापडलं, तर पानावर पक्ष्याची शिट दिसते का बघा. ती शिट पान कुरतडायला लागली, तर समजा अळी मिळाली. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून लहानपणी तिचं हे सोंग असतं. मोठी झाली की ती हिरवीगार होते. तेव्हा गवताच्या काडीने डोक्यामागे हलकेच स्पर्श करा. आतून नारिंगी-लाल, दोन फाट्यांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. पोरं ‘ईऽऽ’ करत मागे पळतात आणि लगेच म्हणतात, “मॅडम, अजून एकदा!” अजून एकदा नाही. तिला खाऊ द्या.

पाळायची असेल तर मोठी बरणी घ्या आणि तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधा. घट्ट झाकण लावलं तर आत दमट होऊन बुरशी धरते. फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचून बाटलीच्या तोंडाला कापूस लावा, नाहीतर अळी पाण्यात पडते. बाजारातला कढीपत्ता देऊ नका, त्यावर फवारणी असू शकते. लेंड्या रोज झाडायच्या, त्याची पाळी लावून द्या. त्यावरून भांडणं होतात, होऊ द्या. एक तिरपी काडीही ठेवा. कोशात जायच्या आधी अळी तिच्यावर चढते आणि कमरेभोवती रेशमाचा धागा घेऊन स्वतःला बांधून घेते. पावसाळ्यात अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो.

कधीकधी कोशाला भोक पडून आतून इवल्याशा गांधीलमाश्या निघतात. त्यांच्या अळ्यांनी कोश आतून खाल्लेला असतो. वर्ग हिरमुसतो. तरी ती बरणी लपवू नका. भिंगातून त्या माश्याही दाखवा.

संत्र्याच्या बागांच्या काटोल-नरखेडकडचं मूल वर्गात असलं की हमखास विचारतं, “आमचे बाबा तर याच्यावरच फवारणी करतात, मग आपण काहून वाढवतो?” इथे उपदेश नको. बाबांनाच विचारून यायला सांगा. मोठ्या झाडाला या अळीचं फारसं काही वाटत नाही, पण नर्सरीतली कोवळी रोपं ती बोडकी करते. हे शेतकऱ्याकडून कळलं की मुलांना जास्त पटतं.

एवढं झालं की मगच बाहेर काढा. 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख जंगलावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या. नागपूरकरांना चितमपल्ली वेगळे सांगायला नकोत. अंबाझरी तलाव किंवा सेमिनरी हिल्सची टेकडी, सकाळी लवकर. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा जवळ दुर्बीण नसली तरी दिसतो. अत्तर, बॉडी स्प्रे घरीच. मोठ्या झाडाखाली थांबण्याआधी वर आग्या मोहोळ नाही ना, ते स्वतः बघा. दुर्बीण एकच असेल तर ती सर्वांत मागे रेंगाळणाऱ्या मुलाच्या गळ्यात घाला. पुढची पोरं आपोआप थांबतात आणि ओळ तुटत नाही.