घरातला सर्व्हर राउटरबाहेर उघडताना: आधी पत्ता आपला आहे का ते पाहा

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर (पुढे नुसता ‘पाय’) एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवलं, घरातल्या वायफायवर पान छान उघडतं, पण बाहेरून काहीच येत नाही. अशा वेळी बहुतेक जण थेट राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून आलेली विनंती घरातल्या ठराविक यंत्राकडे वळवण्याच्या) पानावर जातात आणि तासन्‌तास आकडे बदलत बसतात. भारतातल्या घरगुती फायबर जोडणीवर दोष पुष्कळदा तिथे नसतोच. राउटरला बाहेरचा पत्ताच स्वतःचा मिळालेला नसतो. म्हणून पहिली पाच मिनिटं या तपासणीला द्या.

राउटरच्या सेटिंगमध्ये, म्हणजे सहसा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ वर, ‘स्टेटस’खाली ‘वॅन आयपी’, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, असतो. तो लिहून घ्या. मग व्हीपीएन बंद ठेवून, त्याच वायफायवरून, ‘माझा आयपी काय’ हे सांगणारी कुठलीही साइट उघडा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तर पत्ता तुमचा आहे. जुळले नाहीत तर वॅन आयपीची सुरुवात पाहा:

- १००.६४ ते १००.१२७: हा सीजीनॅट, म्हणजे कंपनीकडचा नॅट (अनेक यंत्रांना एकाच पत्त्यामागे ठेवणारी व्यवस्था). एकच सार्वजनिक पत्ता कंपनीने अनेक घरांत वाटलेला आहे. ही पट्टी २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली गेली.
- १९२.१६८: तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर आहे. बहुधा ऑपरेटरने भिंतीवर लावलेला फायबरचा डबा (ओएनटी) हाच राउटरचंही काम करतोय.
- १० किंवा १७२.१६ ते १७२.३१: दोन्हींपैकी काहीही असू शकतं. ट्रेसरूट (माहिती वाटेत कुठल्या पत्त्यांवरून जाते ते दाखवणारी आज्ञा) चालवा. घरातले डबे ओलांडल्यावरही खासगी पत्ते दिसत राहिले तर नॅट कंपनीकडे आहे.

टेलस्केल (आपली यंत्रं खासगी जाळ्यात जोडणारी सेवा) वापरत असाल तर पायवरही १०० ने सुरू होणारा पत्ता दिसेल. तो टेलस्केलचा स्वतःचा असतो, त्यावरून सीजीनॅटचा निष्कर्ष काढू नका.

पत्ता आपला असेल तर

राउटर बाहेर गेलेल्या प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की नोंद बघून ते योग्य यंत्राकडे पाठवतो. बाहेरून कुणी आपणहून आलं तर त्याची नोंदच नसते, म्हणून पॅकेट (माहितीचा तुकडा) टाकून दिलं जातं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे या यादीत कायमची एक ओळ लिहून ठेवणं. ही ओळ एका ठराविक घरगुती पत्त्याकडे बोट दाखवते, त्यामुळे तो पत्ता बदलता कामा नये.

तेव्हा आधी डीएचसीपीच्या (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ करा. पायचा मॅक पत्ता (नेटवर्क जोडणीचा ओळख क्रमांक) आणि हवा तो आयपी, समजा १९२.१६८.१.५०, इतकंच भरायचं. पायला केबलचा आणि वायफायचा मॅक वेगवेगळा असतो. वायफायच्या मॅकवर आरक्षण केलं आणि नंतर केबल लावली, तर पायला भलताच पत्ता मिळतो आणि फॉरवर्डिंग रिकाम्या जागी जातं. सर्व्हर शक्यतो केबलवरच ठेवा. पायमध्येच हाताने कायमचा पत्ता टाकणार असाल तर तो डीएचसीपीच्या वाटपाच्या पट्टीबाहेरचा निवडा, नाहीतर एखाद्या दिवशी तोच पत्ता पाहुण्याच्या मोबाइललाही दिला जाईल.

आता फॉरवर्डिंग. टीपी-लिंक आणि डी-लिंकच्या अनेक राउटरवर याचं नाव ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ असतं. दोन ओळी लागतात: बाहेरचा पोर्ट ८० (एचटीटीपी) आतल्या ८० कडे, आणि बाहेरचा ४४३ (एचटीटीपीएस) आतल्या ४४३ कडे. दोन्हीकडे प्रोटोकॉल टीसीपी, पत्ता १९२.१६८.१.५०. ‘हा पोर्ट आधीच वापरात आहे’ असं राउटर म्हणाला तर त्याचं स्वतःचं रिमोट मॅनेजमेंट ८० किंवा ४४३ वर चालू असतं. ते बंदच करा, कारण राउटरचं लॉगिनपान इंटरनेटवर उघडं ठेवण्याची घरात गरज नसते. ‘डीएमझेड’ नावाचा पर्याय मोह पाडतो, एका टिचकीत सगळं चालू होतं, पण तो पायचे सगळेच्या सगळे पोर्ट बाहेर उघडतो. तो नको.

ओएनटी आणि राउटर असे दोन नॅट एकामागे एक असतील तर ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकणं, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करणं, हा स्वच्छ उपाय. त्याआधी केबलवाल्याकडून पीपीपीओईचं (कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक घेऊन ठेवा. ते हाताशी नसताना ब्रिज केलात तर घरातलं नेटच जाईल. ओएनटीला लँडलाइन फोन जोडलेला असेल तर तो चालू राहील का, हेही तेव्हाच विचारा. ब्रिज शक्य नसेल तर फॉरवर्डिंग दोनदा करावं लागतं: ओएनटीवरून राउटरकडे, राउटरवरून पायकडे. दोन्ही डबे १९२.१६८.१ हीच मालिका वापरत असतील तर आतल्याची मालिका १९२.१६८.५० करा; मग पायचा पत्ताही त्याच मालिकेतला घ्या.

बाहेरून तपासताना

घरातल्या वायफायवरूनच आपला सार्वजनिक पत्ता उघडून बघू नका. बरेच राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत वळणारी जोडणी हाताळत नाहीत, त्यामुळे सगळं बरोबर असूनही पान उघडत नाही. मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर बघा. आणि काय चुकतंय ते नीट वाचा, कारण चूक कुठल्या प्रकारची आहे, त्यावरूनच दोषाची जागा कळते.

बराच वेळ फिरून ‘टाइम आउट’ आलं तर पॅकेट वाटेत गडप होतंय. पत्ता चुकीचा, सीजीनॅट, कंपनीने अडवलेला पोर्ट ८०, किंवा पायवरचा फायरवॉल. यूएफडब्ल्यू हा फायरवॉल चालू असेल तर त्यात ८० आणि ४४३ टीसीपीला परवानगी हवी. फक्त ८० अडवलेला आहे का हे कळायला बाहेरचा ८०८० आतल्या ८० कडे वळवून पाहा.

लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर ती चांगली खूण आहे. कुणीतरी उत्तर दिलंय, म्हणजे वाट बहुधा मोकळी आहे, फक्त त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. पायवर ‘एसएस’ ही आज्ञा चालवून ऐकणाऱ्या पोर्टांची यादी पाहा. तिथे १२७.०.०.१ समोर ८० दिसत असेल तर सर्व्हर फक्त स्वतःशीच बोलतोय. एनजिनएक्सच्या ‘लिसन’ ओळीतला तो पत्ता काढून नुसता ८० ठेवा. ‘५०२’ आलं तर राउटरचा संबंध संपला: एनजिनएक्सपर्यंत विनंती पोचतेय, त्याच्या मागचं ॲप झोपलंय.

राउटरचंच लॉगिनपान दिसलं तर फॉरवर्डिंगची ओळ लागूच झालेली नाही.

नाव आणि प्रमाणपत्र

घरगुती जोडणीवर राउटर बंद-चालू झाला की सार्वजनिक पत्ता बदलू शकतो. डकडीएनएससारख्या सेवेवर मोफत नाव मिळतं. पायवर दर पाच मिनिटांनी चालणारं क्रॉनचं काम लावलं की ते नाव नव्या पत्त्याकडे वळतं. राउटरमध्येही अशीच, डीडीएनएस नावाची सोय असते, पण दोन नॅट असतील तर काही राउटर स्वतःचा खासगी पत्ताच कळवतात. पायवरून केलेलं बरं.

एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र सर्टबॉट या साधनाने काढा. नाव तुमच्याच ताब्यात आहे का, याची नेहमीची तपासणी पोर्ट ८० वरच सुरू होते, त्यामुळे ‘आपल्याला फक्त एचटीटीपीएस हवं’ म्हणून ८० बंद केलात तर नूतनीकरण अडेल. ही तपासणी जगातल्या अनेक ठिकाणांहून होते, म्हणून भारताबाहेरचे पत्ते सरसकट अडवणारा नियमही तिला मोडतो. नावाला आयपीव्ही६ ची (नव्या पद्धतीच्या पत्त्याची) जुनी, चुकीची नोंद चिकटलेली असेल तर तपासणी आधी तिकडेच जाते. पहिली फेरी नेहमी ‘ड्राय रन’ने (खरं प्रमाणपत्र न काढणाऱ्या सरावाने) करा, कारण एकाच नावावर एका तासात पाच तपासण्या फसल्या की थांबावं लागतं. ८० खरोखरच अडवलेला असेल तर डीएनएसमध्ये (नावं पत्त्यांशी जोडणाऱ्या यंत्रणेत) नोंद टाकून होणारी तपासणी वापरा. तिला कुठलाच पोर्ट लागत नाही.

प्रमाणपत्र निघालं की तुमचं नाव सार्वजनिक नोंदवहीत येतं आणि थोड्याच वेळात लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून वर्डप्रेसच्या लॉगिनपानाच्या विनंत्या दिसू लागतात. त्या स्वयंचलित असतात, घाबरू नका, पण घर बंद ठेवा. राउटरमधलं यूपीएनपी (यंत्रांना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद, राउटरचा मूळ पासवर्ड बदललेला, सुरक्षा अपडेट आपोआप लागणारे. पोर्ट २२ (एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करण्याचा) फॉरवर्ड करू नका. दुरून आत यायचं असेल तर वायरगार्ड हा व्हीपीएन लावा. राउटरमध्ये वेगळं नेटवर्क करता येत असेल तर पाय त्यात ठेवा, म्हणजे कुणी तो ताब्यात घेतलाच तरी घरातले कॅमेरे आणि संगणक त्याच्या हाती लागणार नाहीत.

पत्ता आपला नसेल तर

सीजीनॅटमागे फॉरवर्डिंगची कुठलीही युक्ती चालत नाही, कारण तो नॅट तुमच्या हातात नाही. पहिला मार्ग सरळ आहे: स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागा. स्थानिक ऑपरेटर तो बहुधा वेगळे पैसे घेऊन देतो. तेव्हाच सर्व्हर चालवण्याबद्दल करारात काय लिहिलंय तेही वाचा.

दुसरा आयपीव्ही६. जिओफायबरसारख्या जोडणीवर तो मिळतो आणि त्यात नॅट नसतो, पायला स्वतःचा जागतिक पत्ता असतो. फॉरवर्डिंगऐवजी राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या पत्त्यासाठी ८० आणि ४४३ उघडायचे. पायवर दोन-तीन आयपीव्ही६ पत्ते दिसतात: ‘एफई८०’ने सुरू होणारा घरापुरता, ‘टेम्पररी’ शेरा असलेला काही काळाने बदलणारा, डीएनएसच्या नोंदीत हे दोन सोडून उरलेला, २ ने सुरू होणारा पत्ता टाका. अडचण एकच, आणि ती मोठी: ज्यांच्याकडे फक्त आयपीव्ही४ आहे त्यांना साइट उघडणार नाही.

तिसरा बोगदा. क्लाउडफ्लेअर टनेलमध्ये पाय स्वतःहून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे राउटरला हातही लावावा लागत नाही. मात्र एन्क्रिप्शन त्यांच्याकडे उलगडतं, म्हणजे मजकूर त्यांना दिसू शकतो, आणि मोफत योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल वर चढवता येत नाही. खासगी कागदपत्रं किंवा फोटो असतील तर मुंबईतल्या डेटा सेंटरमधला एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेऊन घरापर्यंत वायरगार्ड टाकणं आम्हाला जास्त पटतं. व्हीपीएसने ८० आणि ४४३ जसेच्या तसे घराकडे वळवायचे, प्रमाणपत्र घरच्या पायवरच राहतं. घराच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा, नाहीतर कंपनीचा नॅट शांत जोडणीची नोंद पुसतो आणि काही वेळाने साइट मुकी होते.

लाईट गेल्यावर

ओएनटी आणि राउटर सहसा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी मिनी यूपीएस मिळतो, पण दोघांनाही लावा, एकट्या राउटरला लावून उपयोग नाही. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, म्हणून त्याला ५ व्होल्टची वेगळी सोय हवी. अचानक वीज गेली की मेमरी कार्डावरची माहिती बिघडू शकते. डेटा एसएसडीवर ठेवा.

सगळं बसल्यावर एकदा मुद्दाम तिन्ही यंत्रांची वीज बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा आणि कशालाही हात न लावता मोबाइल डेटावरून साइट उघडून बघा. दहा मिनिटांत उघडली नाही तर आधी पायला १९२.१६८.१.५० च मिळालाय का ते पाहा, मग डकडीएनएसवरचा पत्ता वॅन आयपीशी जुळतो का, मग एनजिनएक्स आपोआप सुरू झालंय का.