चिपाडाचं इंधन करायचं की वीज? पैसे घालण्याआधी या चुका टाळा

उन्हाळा लागला की इंदूरमध्ये नाक्यानाक्यावर उसाचे चरक सुरू होतात आणि संध्याकाळपर्यंत मागे चिपाडाचा ढीग लागतो. यंदा मामेभावाने तो पाहिला आणि रात्री घरी येऊन म्हणाला, "दादा, फुकटचं इंधन पडलंय. इथेनॉल काढू, नाहीतर वीज तरी करू." हुरूप खरा होता, म्हणूनच त्याला बसवून सगळं सांगितलं.

पहिली गल्लत मळी (साखर काढल्यावर उरणारा काळा पाक) आणि चिपाडाची. साखर कारखान्यातलं इथेनॉल मळीपासून किंवा रसापासून होतं. त्यात साखर तयार असते, यीस्ट ती सरळ खातं. चिपाडातली साखर सेल्युलोजच्या, म्हणजे तंतूंच्या रूपात अडकलेली, वर लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनचा चिवट वेढा. तो फोडायला वाफ, आम्ल, एन्झाइम असा मोठा पसारा लागतो. पानिपतला ऑगस्ट 2022 मध्ये असा कारखाना सुरू झाला, तिथे चिपाड नव्हे, भाताचा पेंढा वापरतात. खर्च 900 कोटींच्या वर. क्षमता वर्षाला सुमारे 2 लाख टन पेंढ्यातून 3 कोटी लिटर इथेनॉलची, म्हणजे टनाला 150 लिटर. हे परसातलं काम नाही.

दुसरी चूक सगळ्यात महागाची: वजनावर हिशेब मांडणं. कारखान्यात ऊस एकामागून एक चार-पाच मिलमधून जातो, मधे पाणी मारून उरलीसुरली साखरही काढतात, तरी बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या चिपाडात, निम्मं पाणीच असतं. आपल्या चरकाचं चिपाड त्याहून ओलं आणि गोड. 50 टक्के ओलाव्याच्या बगॅसची उष्णता किलोमागे साधारण 2,250 किलोकॅलरी. ओलावा 20 टक्क्यांवर आणला की तीच 3,600 च्या आसपास. ओलं जाळलं तर पहिली आच पाणी उडवण्यातच जाते, आणि डोळे चुरचुरतील इतका धूर.

ढीग तसाच ठेवणंही वाईट. दोन दिवसांच्या ढिगात मी कोपरापर्यंत हात घातला होता. वरून थंडगार, आत चटका बसेल इतकं गरम, आणि आंबूस वास. उरलेली साखर आंबते, उष्णता कोंडते. मोठे ढीग असेच आपोआप पेट घेतात. जुन्या, बुरसटलेल्या ढिगाच्या धुळीने फुप्फुसांचा बगॅसोसिस नावाचा आजार होतो, म्हणून ढीग उपसताना तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवाच.

गॅसचं म्हणाल तर ही चूक माझी स्वतःची. गोबरगॅसच्या टाकीत मी चिपाड टाकलं. आठवड्याभरात वर जाड साय धरली, गॅस बंद. काठीने फोडावी तर पुन्हा तीच. चिपाडात कार्बन भरमसाट, नायट्रोजन नावाला. गॅस करणाऱ्या जंतूंना कार्बन-नायट्रोजनचं साधारण 25-30 ला 1 असं प्रमाण मानवतं, चिपाडात ते शंभराच्याही पुढे जातं. लिग्निन तर त्यांना पचतच नाही. बारीक कुट्टी करून, शेणात थोडंच मिसळून चालतं. लोक इंदूरच्याच देवगुराडियाच्या बायो-सीएनजी (कचऱ्यापासून वाहनांचा गॅस) प्रकल्पाकडे बोट दाखवतात. फेब्रुवारी 2022 मध्ये तो प्रकल्प रोज 550 टन कचरा घेण्याच्या क्षमतेने सुरू झाला, पण तो घराघरांतून वेगळा आलेला ओला कचरा, म्हणजे भाजीची देठं आणि शिळं अन्न. साखर कारखान्याला गॅससाठी काही द्यायचंच असेल तर प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) द्यावा, बगॅस नव्हे.

आता वीज. चिपाडाची वीज परवडते ती जिथे वाफही लागते तिथे. कारखान्यात एकच वाफ आधी टर्बाइन फिरवते, मग रस उकळते. म्हणून तिथला बगॅस 'टाकाऊ' म्हणून इथेनॉलला देऊन टाकला की बॉयलरसाठी कोळसा विकत घ्यावा लागतो. मध्य प्रदेशातल्याच नरसिंहपूरकडच्या गुऱ्हाळांतही तेच: चुलवाणाचं चिपाड विकलं तर लाकूड आणा. तेव्हा आधी विचारा, हे आज कुठे जळतंय? कुठेच नसेल, तरच नवा धंदा मांडा.

पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, मात्र बॉयलरमध्ये सरसकट घालू नये. त्यातल्या पोटॅश-क्लोरीनमुळे राख वितळून नळ्यांना चिकटते. थोडं मिसळावं, बाकी शेतातच आच्छादन म्हणून राहू द्यावं.

मामेभावाने इथेनॉलचा विषय सोडला. सध्या गच्चीवर चिपाड पातळ पसरून वाळवतो, एका वीटभट्टीवाल्याशी बोलणं झालंय. काल पहिल्या खेपेचं वजन केलं, 100 किलोचं 64 भरलं. अजून एक दिवस ऊन द्यायला सांगितलंय.