केळं आणि लिंबू एकत्र खाल्लं तर? फळं आणि आंबट पदार्थ खायचे कसे

पपईवर लिंबू पिळलं की विष होतं, केळं-संत्रं एकत्र नको, असले मेसेज फिरत असतात, ते डिलीट करा. पोटातलं आम्लच लिंबाच्या तोडीचं किंवा त्याहून स्ट्राँग असतं, पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल स्ट्राँग) साधारण 1.5 ते 3.5, त्यामुळे दोन फोडींनी तिथे काही उलथापालथ होत नाही. आंबट फळाने दूध फाटतं म्हणून घाबरू नका, दूध पोटात एरवी पण फाटतंच.

मग त्रास का होतो? बऱ्याचदा कॉम्बिनेशनमुळे नाही, तर प्रमाणामुळे. सफरचंद, पेअर, आंबा, कलिंगड यात फ्रुक्टोज (फळातली साखर) जास्त, ते काहींना नीट पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबतं आणि गॅस, पोटफुगी, कधी जुलाब. ॲसिडिटीवाल्यांना मात्र संत्रं, अननस, टोमॅटो खरंच जळजळ देऊ शकतात, त्यांनी रिकाम्या पोटी टाळायचं, थोडंच खायचं आणि नंतर दोन-तीन तास आडवं पडायचं नाही.

डाउट असेल तर एक दिवस नुसतं फळ खा, दुसऱ्या दिवशी नुसतं आंबट, मग दोन्ही एकत्र, आणि लिहून ठेवा (लक्षात राहत नाही हो). आंबट खाल्ल्यावर चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने. वारंवार जळजळ, गिळायला त्रास किंवा काळी शौच असेल तर हे प्रयोग सोडा, सरळ डॉक्टरकडे जा.