ओठ उचलून दाखवा: दवाखान्यात नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी

बेळगावात पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात नव्यानं लागलेले डॉक्टर हमखास विचारतात, की लोक दातांसाठी कुत्री-मांजरं आणतच नाहीत, मग हे काम वाढवायचं कसं? खरं आहे. 'दात दाखवायला आलोय' असं म्हणत कुणी येत नाही. येतात रेबीजच्या लशीला, खाजेला, उलट्या-जुलाबाला. दातांचा विषय त्याच भेटीत काढावा लागतो. भिंतीवरची पोस्टरं आम्हीही लावली आहेत, पण ती बघून कुणी दात साफ करून घेतल्याचं मला आठवत नाही.

आपल्याकडच्या माणसाला दात बघायला शिकवावं लागत नाही. चिकोडी-रायबागकडचा शेतकरी जनावरांच्या बाजारात जबडा उघडून बघितल्याशिवाय बैलाचे पैसे काढत नाही. आदत (अजून दुधाचेच दात), दुसा (दोन पक्के दात), चौसा (चार पक्के दात) हे त्याला तोंडपाठ असतं. दारातल्या कुत्र्याचं तोंड मात्र त्यानं कधी बघितलेलं नसतं, कारण बघा म्हणून कुणी सांगितलेलंच नसतं. "बैलाचं बघता तसं याचंही बघूया की," एवढं म्हटलं तरी तो पुढं वाकतो.

कुत्र्याचा जबडा उघडायची गरज नसते. तोंड मिटलेलंच ठेवून गालाकडचा ओठ हळूच वर आणि मागं सारा. वरच्या बाजूची सगळ्यात मोठी दाढ दिसेल. लाळेची एक नळी तिच्यासमोरच उघडते, त्यामुळं किटण, म्हणजे दातावर साचून कडक झालेला थर, आधी तिथं धरतं. किटणाच्या कडेची लाल रेघ मालकाला बोटानं दाखवा आणि वासही घेऊ द्या. 'कुत्र्याचं तोंड म्हटल्यावर वास यायचाच' ही समजूत तिथंच मोडते. गोकाक-बैलहोंगलकडून आलेल्यांना "बायी वासनी बर्तैतेन्री?" (तोंडाला वास येतो का हो?) असं विचारायला शिका. कन्नड मोडकी असली तरी चालते.

याच दाढेच्या मुळाशी पू झाला की डोळ्याखाली सूज येते. खानापूरकडून असा एक लॅब्रॅडॉर आला होता. गांधील माशी चावली असेल म्हणून आधी इंजेक्शनं झाली होती. सूज उतरायची, पुन्हा यायची. ओठ उचलला तर दाढेचा टवका उडालेला. मटणाची नळी फोडताना असंच होतं. दाढ काढल्यावर सूज परत आली नाही. चघळायला काय द्यावं असं कुणी विचारलं तर मी सांगते, ज्यात आपलं नख रुतत नाही ते देऊ नका.

कुत्र्याला ४२ पक्के दात असतात, मांजराला ३०. पोमेरेनियन, पग अशा लहान जातींत दाटी होते आणि दुधाचे सुळे पडायचे राहतात. म्हणून पाच-सहा महिन्यांचं पिल्लू कशालाही आलं तरी सुळे बघा. पक्क्या सुळ्याशेजारी दुधाचा तसाच उभा असेल, तर तो काढायचा सल्ला तेव्हाच द्या.

एक सावधगिरी मात्र कधीही सोडू नका. 'घशात हाड अडकलंय, लाळ गळतेय, जबडा मिटत नाही' असं सांगत कुणी कुत्रं आणलं, तर तोंडात हात घालण्याआधी लशीची आणि चावाचावीची चौकशी करा. रेबीज असंच दिसू शकतं. तुमची स्वतःची रेबीजची प्रतिबंधक लस झालेली असल्याशिवाय हे काम सुरूच करू नका. मदतनीसांनाही हे लागू.

मालकांना सगळ्यात जास्त भीती भुलीची. "भूल न देता खरवडून द्या" असा आग्रह होतो. तसं केलं की दात पांढरे दिसतात, पण खरा आजार हिरडीखाली असतो आणि जागं जनावर तिथं हात लावू देत नाही. भुलीत श्वासनळीत नळी घातलेली असते, म्हणून पाणी आणि घाण फुफ्फुसात जात नाही. आधी रक्त तपासतो, मूत्रपिंड-यकृत बघतो, हे सावकाश सांगा. दाढ काढावी लागली तर खर्च किती वाढेल तेही आधीच बोला. हृदय बिघडेल, किडन्या जातील अशी भीती घालून माणूस तयार करू नका. दुखणाऱ्या तोंडानं ते रोज जेवतंय, एवढं खरं सांगितलेलं पुरतं.

घरच्या काळजीचं थोडक्यात सांगा, नाहीतर काहीच होत नाही. दातांवरचा थर एका दिवसात पुन्हा धरायला लागतो, दोन-तीन दिवसांत त्याचं किटण व्हायला सुरुवात होते, म्हणून ब्रश रोजचा. पहिला आठवडा बोटाला ओलं मऊ कापड गुंडाळून फक्त बाहेरच्या बाजूनं फिरवायचं. माणसांची टूथपेस्ट अजिबात नको. कुत्रं ती गिळतं, त्यातलं फ्लोराइड त्याला बाधतं आणि काहींमध्ये असलेलं झायलिटॉल तर विषच आहे. हे कापड फिरवणं टेबलावर एकदा मालकाच्याच हातून करून घ्या. टिळकवाडीतल्या एका आजींनी ते पहिल्याच भेटीत इतकं छान जमवलं की आता इतरांना दाखवायला मी त्यांचाच व्हिडिओ वापरते, अर्थात त्यांना विचारून.

जाताना दाढेचा एक फोटो मालकाच्याच मोबाइलवर काढून द्या आणि केसपेपरवर हिरडीची नोंद करा. पुढच्या लशीला त्याच बाजूचा फोटो पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. साफ करायची तारीख बहुतेक वेळा मग मालकच विचारतात.