दोघांपुरती परसबाग: आखणीपासून पहिल्या जुडीपर्यंत

परसबाग बहुतेक वेळा मोडते ती पहिल्या उत्साहात सगळी मोकळी जागा खणून काढल्यामुळे. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या जोडप्याला तीन वाफे पुरतात, त्याहून जास्त नकोत. प्रत्येक वाफा साडेतीन फूट रुंद, आठ फूट लांब आणि मधे दीड फुटाची वाट. वाफ्याच्या दोन्ही बाजूंना दोघं बसलात की मातीत पाय न टाकता हात मधोमध पोचतो आणि माती दबत नाही.

आधी कागद

रोपवाटिकेत जाण्याआधी दोघांनी बसून आठवडाभरात घरात कोणती भाजी किती वेळा होते ते लिहा. एकाला कारलं आवडतं आणि दुसरा ते ताटाबाहेर काढतो, तर कारल्याचा वेल कशाला? दोन माणसांना मिरचीची चार, वांग्याची चार आणि टोमॅटोची चार झाडं भरपूर झाली.

याच आठवड्यात ऊनही बघून ठेवा. सकाळी, दुपारी आणि चारनंतर कुठे सावली पडते ते एका सुट्टीच्या दिवशी पाहिलंत तरी अंदाज येतो. फळभाज्यांना सहा तास ऊन हवंच. पालेभाज्यांना थोडं कमी चालतं. न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे अळू लावा. ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि त्या ओल्या कोपऱ्यात दुसरं काही इतकं चांगलं येत नाही.

कधी सुरू करावं

पावसाळा ओसरल्यावर, नवरात्राच्या सुमारास. जूनमध्ये सुरू करण्याचा मोह होतो, पण पावसाच्या माऱ्यात मेथी-कोथिंबीर झोडपली जाते, तण हातात मावत नाही आणि नवख्या माणसाचा धीर सुटतो. हिवाळ्यात पालेभाज्या पटकन येतात.

माती

इथे वेळ द्या, घाई करू नका. वीतभर खोल खणा, ढेकळं फोडा आणि आठ-दहा दिवस ऊन खाऊ द्या. मग वाफ्यामागे तीन-चार घमेली शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. त्याला वास नसतो आणि ते चहाच्या पत्तीसारखं भुरभुरीत असतं. कच्च्या शेणाबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी बागेत येतात. माती काळी, चिकट असेल तर वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा, म्हणजे मुळाशी पाणी साचणार नाही.

पेरणी

पहिला वाफा पालेभाज्यांचा. धने लाटण्याने हलके रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. ते उगवायला आठवडाभर तरी लागतो. मेथी चार-पाच दिवसांत वर येते आणि महिन्याभरात काढणीला होते. सगळं बी एकाच दिवशी टाकू नका. वाफ्याचे चार तुकडे करून दर आठ-दहा दिवसांनी एक तुकडा पेरा. नाहीतर एकदम दहा जुड्या तयार होतात आणि पुढचे तीन आठवडे बाजारातूनच आणावी लागते. पालक मुळासकट उपटू नका. दोन बोटं वरून कापला की पुन्हा फुटतो.

दुसऱ्या वाफ्यात एका ओळीत वांगी, दुसऱ्या ओळीत टोमॅटो, दोन फुटांच्या अंतराने. रोपं विकतच आणा. पहिल्या वर्षी रोपं तयार करण्याच्या भानगडीत पडू नका. लावणी संध्याकाळी करा. तिसऱ्या वाफ्यात मिरची, श्रावणघेवडा आणि कडेने मुळा.

कामाची वाटणी

खणणं त्याचं आणि पाणी घालणं तिचं, अशी वाटणी टिकत नाही. वाफे वाटून घ्या, कामं नकोत. ज्याने पेरलं तोच खुरपतो, तोच पानं उलटून बघतो, म्हणून त्याला बिघाड लवकर कळतो. पाण्याचे वार मात्र आधी ठरवा. बी उगवेपर्यंत रोज झारीने हलकं शिंपण. त्यानंतर बोट खुपसून बघा आणि इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी द्या.

कीड

वांग्याचा शेंडा अचानक मलूल झाला तर आत अळी आहे. शेंडा खालून कापून नष्ट करा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. मावा म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. त्यासाठी 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा.

फेब्रुवारीत पालेभाज्यांचा वाफा मोकळा झाला की तिथे भेंडी आणि गवार लावा. भेंडीचं बी घेताना 'परभणी क्रांती' मिळते का ते विचारा. पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देण्यासाठीच ही जात काढली आहे. वांगी-टोमॅटो मात्र पुढच्या हंगामात त्याच वाफ्यात पुन्हा लावू नका. तिथे घेवडा किंवा चवळी येऊ द्या.