माजुली बघायची असेल तर आधी फेरीचं गणित जमवा

बरेच जण विचारतात माजुली एका दिवसात होते का, तर होते, पण तशी करू नका. आसामातलं ब्रह्मपुत्रा आणि सुबनसिरीच्या मधलं हे बेट, 2016 पासून वेगळा जिल्हा आहे, आणि तिथे सगळं नदीच्या मर्जीवर चालतं. म्हणून किमान दोन रात्री ठेवा आणि बेटावरून निघाल त्याच दिवसाचं विमान बुक करू नका.

जोरहाटवरून निमाती घाट गाठायचा, अंतर 14 किमीच्या आसपास, तिथून फेरीबोटीने बेटावरचा कमलाबारी घाट. गाड्या, बाइक, माणसं सगळी एकाच बोटीत चढतात. हिवाळ्यात तिकडे साडेचारलाच अंधारायला लागतं म्हणून सकाळचीच फेरी धरा. पावसाळा नकोच, पूर चढला की फेऱ्या बंद. कार्तिक पौर्णिमेच्या रासाला जाणार असाल तर राहायचं फार आधी ठरवा.

सत्रं म्हणजे आसामचे संत शंकरदेव यांच्या (1449 ते 1568) वैष्णव परंपरेतले मठ. सगळी उरकत बसू नका, आउनिआटी (स्थापना 1653) निवांत बघा, संध्याकाळी नामघरात म्हणजे प्रार्थनेच्या सभागृहात मागे बसून कीर्तन ऐका, आपल्याकडच्या वारकरी माणसाला अजिबात परकं वाटणार नाही. मग सामागुरी सत्र, तिथे बांबूचा सांगाडा, त्यावर माती लावलेलं कापड, वर शेणमातीचा लेप असे भाओनाचे म्हणजे तिथल्या धार्मिक नाटकांचे मुखवटे बनतात, काहींचा तर जबडा हलतो!

मिसिंग या तिथल्या आदिवासी लोकांची घरं खांबांवर उभी असतात, त्यांना चांग घर म्हणतात, पुराचं पाणी खालून जावं म्हणून. उगाच फोटो काढत वर चढू नका, विचारा. आपोंग म्हणजे तांदळाची घरगुती बिअर, देतील तर हळू प्या. फेब्रुवारीत गेलात तर आली-आये-लिगांग हा त्यांचा पेरणीचा सण मिळू शकतो.

आणि सालमोरा हे कुंभारांचं गाव टाळू नका, माझ्या मते तिथे गेल्याशिवाय माजुली कळतच नाही. बायका चाकाशिवाय, हाताने मडकी घडवतात, माती काठावरचीच, आणि तोच काठ नदी खातेय. 15 ऑगस्ट 1950 च्या 8.6 रिश्टरच्या भूकंपात डोंगर ढासळून गाळ आला, पात्र वर आलं आणि तेव्हापासून बेटाची धूप फार वाढली, गावंच्या गावं गेली. काठाच्या अगदी टोकाला उभे राहू नका, खालून पोकळ असू शकतो. मडकं घ्यायचं तर छोटंच घ्या, परतीच्या फेरीत गर्दी असते.